पत्ती

महापालिकेच्या पत्रावर लिहिलं होतं :
‘युरोप-नागपूर स्नेहमेळा, कस्तुरचंद पार्क.
स्वागतासाठी बँड पथक, नग एक.’
बाबांनी चष्मा पुसून तीनदा वाचलं
आणि ‘नग एक’पाशी थांबून हसले.

न्यू मयूर बँड, गांजाखेत चौक.
चौदा माणसं, अकरा टोप्या.
लाल कोटांच्या खांद्यावरची सुटलेली झालर
आई रात्रभर टाचत बसली.

जानेवारी. हवा कोरडी ठाक, ओठ फुटतील अशी.
गेटवर संत्र्यांची कमान,
दुपारपर्यंत हात पोचेल तिथवर पोरांनी खाल्लेली.
आत पोलंड, त्याला लागून इटली,
इटलीच्या मागे तर्री-पोह्याची गाडी,
कुठल्याच नकाशात नसलेली,
सगळ्यात जास्त गर्दी तिथेच.

पोर्तुगालच्या तंबूत एक बाई फळ्यावर
आपले शब्द आणि तिचे शब्द
समोरासमोर लिहीत होती :
चावी, परात, घमेलं, पिंप, पगार.
मी बाबांना वाचून दाखवलं.
“पगार तिकडून येते काय?” बाबा म्हणाले,
“म्हनून त इतका उशीर लागते.”

झेक पाहुण्यांत एक मुलगी होती, झ्डेन्का.
पहिल्याच मिनिटाला बाबांनी तिचं झेंडू केलं.
तिच्याजवळही क्लॅरोनेटच :
काळं लाकूड, चांदीच्या चाव्या.
बाबांच्या दोन चाव्या
सायकलच्या ट्यूबच्या रबरावर तगलेल्या.

स्टेजवर जायला दहा मिनिटं असताना
तिची पत्ती चिरली. नुसत्या हवेनं.
डबीतल्या बाकीच्या वाकड्या झालेल्या.
दुभाषा चहाला गेलेला.
तिनं ती तळहातावर ठेवून बाबांना दाखवली,
लहान मूल पडलेला दात दाखवतं तशी.

बाबांनी आतल्या खिशातून काडेपेटी काढली.
तिच्यात काड्या नसतात,
मला कळतं तेव्हापासून नाहीत.
गडचिरोलीच्या बांबूची एक पत्ती निवडली,
मग कागदात गुंडाळलेली दुसरी पत्ती, दाढीची, अर्धी,
आणि एका पत्तीनं दुसरी तासू लागले.
उजेडाकडे धरली. पुन्हा तासली.
नखावर वाकवून पाहिली.
सवयीनं जिभेवर ठेवून भिजवली

आणि थबकले.
रुमाल शोधू लागले, या खिशात, त्या खिशात.

तिनं तशीच घेतली आणि तोंडात धरली.

मी दुसरीकडे पाहिलं.
लग्नघरी मागच्या दारी ठेवलेला
बँडवाल्यांचा वेगळा माठ
मला त्याच क्षणी का आठवावा, सांगता येत नाही.
सांगता येतं. सांगत नाही.

मग ती वाजवत राहिली.
लग्नातलं होतं की मयतातलं, कळलं नाही,
पण वरच्या सुरात एक बारीक खरखर होती,
ती गांजाखेतची.
आमचे चौदाही जण मान तिरपी करून ऐकत होते,
आपलं पोर दुसऱ्याच्या अंगणात बोलताना ऐकावं तसे.
पहिल्या रांगेतले साहेब टाळ्या वाजवत होते,
गाणं संपायच्या आधी.

पेपरातल्या फोटोत आम्ही नाही.
एका कडेला लाल बाही दिसते,
ती उकंडकाकांची असावी, झालर त्यांचीच अशी लोंबते.
बिल अजून मंजूर व्हायचंय,
दर सोमवारी मी सिव्हिल लाइन्सला जाते.

पत्ती तिच्यासोबतच गेली.
“इसरली असन,” बाबा सकाळी म्हणतात.
“इसरन कशी? घेऊन गेली थे,” संध्याकाळी.

काल जेवताना भाकर मोडता मोडता
मध्येच थांबले :
“अवं पोट्टे,
झेंडूच्या गावाले
लगनसराई कोन्त्या महिन्यात येते?”