गुरुवारपर्यंत

टोपली मीच अंगणात ठेवली होती.
कंबर धरली होती म्हणून.
थोडं टेकते म्हणाले
आणि टेकले ती तासभर.

तेवढ्यात बोंबोराने किती खाल्ली
कोण मोजणार.
द्राक्षं काय मोजायची वस्तू आहे?
निदान आमच्या काखेतीत तरी नाही,
इथे वाटेने जाणाऱ्या परक्यालाही
घड हातात देऊन थांबवतात.

बारा वर्षं खात आला तो.
वाझाने शिकवलं होतं:
ओठांनी एकेक मणी तोडायचा,
देठ तसाच ठेवायचा, घरंदाज पाहुण्यासारखा.
वाझाला जाऊन दोन वर्षं झाली.
आता कबरीपाशी जाऊन काय सांगू,
तुझ्या लाडाची खोड विषारी होती म्हणून?
आणि होती, तर बारा वर्षं
ते विष बसलं होतं कुठे?

मालखाज तेलावीहून आला,
चिखलाचे बूट दाराशी काढून.
माझ्याच वर्गातला, अपूर्णांकांत कच्चा.
तोच आता मला आकडे सांगत होता:
क्रिएटिनिन, आठ पूर्णांक दोन.
असावं किती?
दीडच्या आत, बाई.
मी वजाबाकी करायला घेतली
आणि मध्येच सोडून दिली.
कुठल्या कुत्र्याला बाधेल, कुठल्या घडाने,
हे कुणालाच नक्की सांगता येत नाही, बाई.
म्हणाला, आणि बुटांकडे बघत राहिला.

सलाइनची पिशवी वाझाच्या कोटाच्या खुंटीला.
कोट खाली पलंगावर, बोंबोरा कोटावर.
पहिल्या दिवशी सुई माझ्याच बोटात गेली.
शेजारची दोदो त्याचं डोकं धरून होती,
चाचाचे दोन थेंब जिभेवर सोड म्हणत होती,
तिच्या सासऱ्याला म्हणे त्यानेच उठवलं होतं.
(सासरा त्याच आठवड्यात गेला. हे ती सांगत नाही.)

कातडीखाली पाणी साठतं,
पाठीवर वशिंड येतं बैलासारखं,
आणि रात्रीतून सरकत सरकत
पुढच्या पायात उतरतं.
सकाळी एक पाय जाड, एक बारीक.
तोंडाला वास येतो,
मी केस रंगवायचे तेव्हा बाटलीला यायचा तसा.
उकडलेली कोंबडी समोर धरली
की मान वळवतो, अगदी सभ्यपणे,
नको असलेला दुसरा वाढा नाकारावा तशी.

चौथ्या दिवशी तो मुतला.
डाळिंबाच्या खोडापाशी, उभ्या उभ्या, डगमगत,
पण चांगलं घळघळ.
मी ओरडले. दोदो कुंपणापलीकडून ओरडली.
ट्रॅक्टर थांबवून इराक्लीने विचारलं,
कुणाचं लग्न ठरलं का?

आकडा मात्र सहा पूर्णांक नऊ.
उतरला, म्हणाला मालखाज.
पण उतरला म्हणजे पोचला नव्हे, बाई.

त्या टोपलीतली उरलेली द्राक्षं
मी फेकली नाहीत.
इतरांसोबत तुडवली, रांजणात सोडली,
गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेल्या त्या रांजणात
वाझाच्या आजोबांपासून सोडतात तशी.
आता आत रात्रंदिवस खदखदतंय,
सालींचा थर वर येतो,
तो काठीने खाली दाबावा लागतो
सकाळी सातला, संध्याकाळी सातला.
सलाइनची वेळही तीच.
आधी रांजण, मग कुत्रा.
हात धुते, पण बोटं जांभळी ती जांभळीच.
त्याच बोटांनी त्याच्या मानेची कातडी उचलते.
तो हात हुंगतो.
आणि चाटतो.
मी हात मागे घेते, मग पुन्हा पुढे करते,
मग पुन्हा धुवायला उठते.

काल चुकून बोलून गेले:
मार्चमध्ये रांजण उघडू, तेव्हा हा...
मालखाजने पिशवीचा थेंब मोजता मोजता म्हटलं,
मार्चचं नको बाई,
गुरुवारचं बोलू.

आज मंगळवार.
पाण्याचं भांडं अर्धं संपलंय.
किती प्यायला ते वहीत लिहिलं,
तारखेखाली, लाल शाईने,
जुन्या सवयीने पुढे बरोबरची खूण केली
आणि भांडं भरायला उठले.