माया

कोपराखाली पट्टा आवळून पाच मिनिटं थांबायचं असतं.
तेवढ्यात लोक थंडीबद्दल बोलतात, भाडेवाढीबद्दल.
लुत्सिनाबाई माझ्या बाह्यांची शिवण बघत होत्या.

एकतीस वर्षं वूचच्या कारखान्यात
ओव्हरकोटांना अस्तरं लावली. फक्त अस्तरं.
कॉलर दुसरी बाई लावायची, काजं तिसरी.
"कापड सगळेच बघतात," म्हणाल्या,
"कोट म्हातारा होतो तो आतून."

पडद्यावर त्यांची धमनी, करडी, दोन काठांची,
३.९ मिलिमीटर.
तिच्या आतलं अस्तर माझ्या यंत्राला दिसत नाही,
एका पेशीइतकं जाड ते,
पण सगळा कारभार त्याच्याकडे:
रक्त घासून गेलं की ओळखायचं
आणि मागच्या स्नायूच्या कानात सांगायचं, सैल हो बाबा.
हृदय थकलेल्या माणसात हे सांगणंच राहून जातं.
आधी कोण थकलं, अस्तर की हृदय,
यावर डॉक्टर व्होइनारोव्स्की तासभर बोलतात
आणि शेवटी चष्मा पुसतात.

पट्टा सोडला.
"मुंग्या," त्या म्हणाल्या, आणि बोटं हलवून पाहिली.
मी मोजत राहिले. तीस सेकंद. साठ. नव्वद.
३.९. ३.९. ३.९४.
परत ३.९,
दार किलकिलं करून, कोण आलंय ते पाहून
मिटून घ्यावं तसं.

"किती?"
डॉक्टर सांगतील, मी म्हटलं.
त्या हसल्या. "म्हणजे माया उरली नाही."

पाठीच्या मधोमध अस्तराला एक चुणी ठेवतात,
बोटभर. बाहेरून कळत नाही.
ती नसेल तर ट्राममध्ये दांडा धरायला
माणसानं हात वर केला की खांद्यात टरकन उसवतं.
एका वर्षी वरून हुकूम आला, कापड वाचवा.
चुण्या गेल्या.
"त्या हिवाळ्यात अख्खं शहर काखेत फाटलं,"
एवढं हसल्या की खोकला आला,
मी खाटेची पाठ उंच केली.

सुजलेल्या घोट्यांवर बुटांची चेन अर्ध्यातच थांबते.
मी कोट धरला. एक हात बाहीत,
मग दम,
मग दुसरा.
जाता जाता खुंटीवरचा माझा कोट त्यांनी उलटा केला,
काखेतल्या भोकातून बोट बाहेर काढून दाखवलं.
"गुरुवारी आण."

रकान्यात मी एक टक्का लिहिलं.
जिन्यात सात पायऱ्या वाजल्या.
थांबल्या.
चार.