हळू बोला, नाना

मुलाखत बुधवारची, आणि नळ येणार सोमवारी,
म्हणून शर्ट सोमवारीच धुऊन ठेवला
आणि दोन दिवस कुणाला हात लावू दिला नाही.
काकाच्या लग्नातला, फिका आकाशी.
झिजलेली कॉलर आईनं उसवली, उलटी करून शिवली.

विजापूर रोडला नवा दवाखाना झालाय,
दारात टोकन द्यायला माणूस पाहिजे.
अर्ज मी भरला:
लक्ष्मीनारायण नरसय्या इराबत्ती, वय त्रेपन्न,
अनुभव एकतीस वर्षं, यंत्रमाग.
कारखाना का सोडला, या रकान्यात लिहिलं,
कारखान्यानं सोडलं.
मग ते खोडून आडवी रेघ मारली.

रात्री सराव.
खाटेवर बसलेली मी म्हणजे साहेब,
सुपात विडीची पानं कातरणारी आई म्हणजे मोठी साहेब.
तुमच्याबद्दल सांगा, मी म्हटलं.
नानांनी सांगितलं.
भिंतीपलीकडून बालामणीनं विचारलं,
काय झालं बे, भांडण लागलं का?

हळू बोला, नाना.
हळूच बोलतोय की.
अजून हळू. आणि डोळ्यात बघून बोला,
सारखं तोंडाकडे काय बघता?
आई कात्री थांबवून म्हणाली, पगार किती देणार ते आधी विचारा,
मग बघू दे कुठं बघायचं ते.

नानांनी आवाज कमी केला,
आणखी कमी केला,
शेवटी नुसते ओठ हलत राहिले
आणि मला सगळं कळत होतं.
शाळेतून डबा घेऊन मी कारखान्यात जायची तेव्हा
असंच बोलायचे सगळे, चोवीस मागांच्या खडखडाटात:
कांडी संपली. चहा सांग. मालक आला.
जोशात शिव्यासुद्धा, अगदी शांतपणे.
कानात कापूस, भुवयांवर कापूस,
आणि एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात
ओठांवरून ओठांवर जाणारी बातमी.

बुधवारी आत त्यांना दहा मिनिटं लागली.
बाहेर येऊन माझ्याशेजारी बसले.
समोर पाटी: शांतता राखा.
चांगलं झालं, ते म्हणाले,
आणि बाकावरचं एक बाळ दचकून रडायला लागलं.

खोलीची भिंत काचेची होती.
आत तिघं. दार लावलेलं,
म्हणजे त्यांच्या हिशेबानं आम्हाला काही ऐकू येत नव्हतं.
टायवाला म्हणाला, केवढा आवाज,
पेशंट बरा व्हायच्या आधी पळून जाईल.
दुसरा हसला. वयाबद्दल काहीतरी म्हणाला,
नेमकं तोंडावर पेन आलं.

मी नानांकडे बघायचं टाळलं.
मग बघितलं.
ते ताठ बसले होते, गुडघ्यांवर हात,
आणि बघत होते. एकेक अक्षर.
मान जराशी पुढे,
सूत तुटलं की जशी करायचे तशी.

तिसरी डॉक्टरीण. केस पिकलेले.
ती म्हणाली, पण मी बोलत असताना
तो माणूस माझ्याकडे बघत होता.
आख्ख्या दिवसात कुणीतरी पहिल्यांदा…
आणि उठून फाईल घ्यायला वळली.
पुढचं सगळं आम्हाला पाठमोरं.

परतीच्या रिक्षात सहा माणसं,
नई जिंदगीपर्यंत गाणं एवढं मोठं
की रिक्षावाल्यालाच ठिकाण दोनदा सांगावं लागलं.
त्या गोंगाटात नाना माझ्याकडे वळले,
ओठ हलले:
शर्ट कसा दिसत होता?

मी ओठांनीच म्हटलं, झकास.
मग त्यांनी विचारलं, ती काय म्हणाली असेल, वळल्यावर?
मी खांदे उडवले.
बराच वेळ ते रस्त्याकडे बघत राहिले.

घरी आल्यावर शर्ट काढून
बगलेतला घाम बघितला,
आणि आईला म्हणाले, भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतक्या जोरात,
शनिवारी पाणी येतंय ना?
धुऊन ठेव.