हवा कमी आली म्हणून सांग

उद्यमनगरात, लेथच्या चुऱ्यानं चमकणाऱ्या गल्लीत,
दस्तगीरमामा बॉनेटखाली वाकून
स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावायचे,
टोक इंजिनाच्या छातीला.
"तिसरा उपाशी हाय," म्हणायचे.
आणि तिसराच असायचा.

मी मल्टिमीटरवाला.
कानावर विश्वास नाही, व्होल्ट वाचतो.

मालन हुजरेंची व्हॅन आली.
कणकवलीला जाताना कोबी आणि ढबू, येताना नारळ,
आठवड्याला चार खेपा, स्टिअरिंगवर स्वतः.
"लिटरला बारा देती. पंधरा काढून दे.
कसं काढायचं ते तुझं तू बघ."

इंजिनात हवा किती आली ते मोजणारा एक सेन्सर असतो,
अंगठ्याएवढा, काळा,
कुणाच्या अध्यात ना मध्यात.
त्याच्या तारेवर मी वाटाण्याएवढा रेझिस्टर टाकला
आणि त्याला पढवलं:
हवा कमी आली म्हणून सांग.
हवा कमी, तर पेट्रोल कमी.

रंकाळ्याला फेऱ्या मारल्या. आकडा हलेना.
कारण मागं, सायलेन्सरच्या घशात,
दुसरा एक बसलेला असतो
जन्मभर धूर हुंगत.
त्यानं वास घेतला आणि वर कळवलं,
पुढचा थापा मारतोय, वाढा अजून.
मग त्यालाही गप्प करणं आलं.
अख्खी दुपार गेली त्यात.

मामा बशीत चहा ओतत होते.
"पैलवानाला जेवलास म्हणून पटवशील रे,
कुस्ती कोण धरंल?"
मी हसलो.
सपाटीला पंधरा पूर्णांक चार आलं होतं,
वहीत दोनदा अधोरेखित.

परतीच्या खेपेला मी शेजारी बसलो.
मागं साडेतीनशे नारळ.
करूळ घाटात, चढावर,
इंजिन खडखडायला लागलं,
पत्र्याच्या डब्यात गोट्या हलवाव्यात तसं.
मालनताईंनी दुसरा टाकला, मग पहिला.
मागून एसटीचा हॉर्न.
त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही.
"ह्यो आवाज तुझा का माझा?"

"माझा."

कठड्याला गाडी लावली, चाकाखाली दगड.
बोटं भाजली. पुढचा आधी सोडवला की मागचा,
आठवत नाही. दोन्ही रेझिस्टर खिशात,
खाली कोकण धुरकट,
आणि मल्टिमीटर सीटवर असताना
मी वाकून स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला.
काय ऐकू आलं ते मामांना अजून सांगितलेलं नाही.

बावड्यापासून पुढं त्या अंडी नेल्यासारख्या आल्या.
वळणाच्या कितीतरी आधी पाय उचलायच्या,
उताराला गाडी आपली आपण येऊ द्यायच्या,
कळ्याला बैलगाडीमागं न चिडता रांगल्या.
फुलेवाडीच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली.
मी भागाकार केला. परत केला.
सपाटीचा भाग धरून, पंधराला टेकलेलं.

"बसलं की तुझं!"
"ताई, मी काढून टाकलंय सगळं. घाटातच."
"मग?"
"तुमचा पाय."

त्यांनी पायाकडं बघितलं,
काळी चप्पल, अंगठ्याला शिवण.
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
पंपावरचा पोरगा सुट्टे घेऊन उभा.

"भ्या वाटलं म्हणून पाय हलका पडला.
सोमवारी परत दडपीन मी.
असं कर, ते दोन्ही बसव कुठंतरी.
काहीतरी बसवलंय म्हटलं की
ध्यान ऱ्हातंय बघ."

तर डॅशबोर्डखाली, हँडब्रेकच्या वायरीजवळ,
काळ्या टेपनं गुंडाळून
मी ते दोन वाटाणे चिकटवलेत.
कशालाच जोडलेले नाहीत.
त्यांना ते ठाऊक आहे.

मजुरी म्हणून चार नारळ दिले.
एक आतून नासका निघाला.
मामांनी तो फोडायच्या आधीच, कानाशी हलवून,
बाजूला काढून ठेवला होता.