बारावा

आम्ही बाराच होतो.
प्राचार्यांच्या सहीच्या यादीत अठरा;
चौघे रोवण्याला गेले ते आलेच नाहीत,
एक पोलीस भरतीसाठी धावायला लागला,
आणि एकाचं नाव चुकून दोनदा टाईप झालेलं.
बारावा मी.
"बारावा बारावा नको करू रे," आई म्हणाली,
"घरात कोणी मेल्यासारखं वाटते."

कुरखेड्याला खेळाच्या मास्तरची जागा सहा वर्षं रिकामी,
म्हणून ग्रंथालयातले गेडामबाबू आमचे कोच.
ऑफसाइड समजावताना टेबलावर
दोन शिक्के, डिंकाची बाटली आणि स्टेपलर मांडत.
स्टेपलर नेहमी ऑफसाइड.
त्या वर्षभर ते पुस्तकावर परतीची तारीख मारत
तेव्हा मला कुठेतरी झेंडा वर झालेला दिसे.

मैदान मुरमाचं, तिन्ही बाजूंनी धानाच्या बांध्या.
एक गोल लोखंडी, त्यावर होस्टेलचे टॉवेल वाळत,
दुसरा बांबूचा, वाऱ्याच्या कलानं रुंद-अरुंद होणारा.
चेंडू बांधीत गेला की निकेश कुमरे आत शिरायचा
बगळ्यासारखा, एकेक पाय वर उचलून,
तरी मोडायचीच एखादी लोंबी.
फुलाबाई धुर्वे धुऱ्यावर तंबाखू मळत बसलेली.
"एका लोंबीले एक गोल," ती ओरडायची, "लिहून ठेवा."
लिहीत कोणी नव्हतं. तिच्या तोंडपाठ होतं.
दिवाळीपर्यंत आम्ही तिचे एकतीस गोल लागत होतो.

आरमोरीत पाच खाल्ले.
चिमूरला तीन, तेही अर्ध्या वेळेपर्यंतच,
मग त्यांनीच कंटाळून चेंडू मागे मागे खेळवला.
घरच्या सामन्याला समोरची टीम आलीच नाही,
त्यांची गाडी वडशाच्या फाटकाजवळ पंक्चर.
रेफरीनं शिट्टी वाजवली, घड्याळ पाहिलं,
कागदावर आम्हाला जिंकवलं.
पंचवीस जणांचे पोहे बारा जणांनी खाल्ले.
सुगत मेश्राम रिकाम्या गोलात पेनल्टी मारत राहिला
अंधार पडेस्तोवर,
आणि त्यातल्याही दोन बाहेर गेल्या.

मग मंडईचं नाटक आलं मैदानात,
पेनल्टी बॉक्समध्ये खांबांची भोकं ठेवून गेलं.

शेवटचा सामना ब्रह्मपुरीला.
बूट आठ जोड; माझ्या वाट्याला कधीच नव्हते.
अकरा मिनिटं उरली तेव्हा सुगतचा घोटा सुजला.
तो रेषेवर बसून लेस सोडू लागला
आणि मी त्याच्यासमोर उकिडवा,
नवरदेवाच्या पायाशी बसतात तसा.
बूट एक नंबर मोठे.
आत ओलं, गरम,
दुसऱ्याचं धावणं अजून निवलं नव्हतं.
बोटं घालताना मला लाज वाटली, का ते कळलं नाही.

निकेशनं कॉर्नर मारला.
चेंडू माझ्याकडेच येतो आहे म्हटल्यावर
मी डोळे मिटून पाठ वळवली.
मानेखाली सणकन काही बसलं.
डोळे उघडले तर सगळे माझ्या अंगावर,
गेडामबाबू रेषेच्या आत, चष्मा हातात,
आणि रेफरीचं बोट मधल्या वर्तुळाकडे.
चार-एक.
आमचा हंगामातला गोल,
मी सोडून सगळ्यांनी पाहिलेला.

परत आलो तर धान कापून झालेलं.
फुलाबाई धसकटांत शेळ्या चारत होती.
"एक दिला," मी म्हणालो. "तीस राहिले."
"कोणत्या पायानं?"
खोटं बोलता आलं असतं.
"पाठीनं."
तिनं पिंक टाकली, मला वरून खाली पाहत आली
आणि सुगतच्या, अजून परत न केलेल्या बुटांपाशी थांबली.
"मंग अर्धाच धरतो."

साडेतीस बाकी आहेत.
यंदा तिनं बांबूच्या गोलामागच्या धुऱ्यावर
तूरही लावली आहे.