शेंड्या मोजताना

गोचा, एप्रनची गाठ मागे मार.
पुढची गाठ रश्श्यात बुडते.
पाच नंबरचं टेबल उद्यापासून तुझं,
रिओनी नदीकडच्या खिडकीतलं.

खिंकाली कशी खातात ते तुला ठाऊक आहे:
कणकेची पुरचुंडी शेंडीला धरायची,
चावा घेऊन रस्सा ओढायचा,
शेंडी ताटात ठेवायची.
मी इथे लागले तेव्हा हेच आमचं मशीन.
शेंड्या मोजल्या की बिल झालं.
एखादा दोन-तीन शेंड्या खिशात घालून जायचा.
त्सियाला म्हणायची, जाऊ दे,
कोटाचा खिसा तेलकट झाला ना त्याचा? फिटलं.

आता गल्ल्यावर काचेची पाटी आहे, बोट लावलं की उजळते.
तिचा माझा पासवर्ड तुला मिळणार नाही.
तुला तुझा मिळेल, तो मला सांगू नकोस.
रागावतोस काय? दातांचा ब्रश वाटून घेतो का आपण?
पूर्वी एकच होता, गल्ल्याला चिठ्ठीवर चिकटवलेला:
त्सियालाच्या लेकाची जन्मतारीख.
त्या बारशाला अर्धं कुतैसी जेवून गेलं होतं.

पाहुण्यांचं वायफाय वेगळं, गल्ल्याचं वेगळं.
दोन्ही एकच होतं तेव्हा भाचा मलखाझ म्हणाला,
मावशी, हात धुवायला जायची वाट
तू तिजोरीतून काढली आहेस.

बँकेतून बोलतोय म्हणून कोणी फोन करेल, फार गोड.
म्हण, ठेवा, मीच करतो बँकेला.

आता जे सांगायचं नव्हतं ते.

टेबलावर हा काळ्या-पांढऱ्या मुंग्यांचा चौकोन आहे ना,
फोन धरला की पैसे जातात तो,
मार्चमध्ये कोणीतरी आपल्या चौकोनावर
स्वतःचा चौकोन चिकटवला.
तीन नंबरला. पाच नंबरला.
दुपारपासून पाहुण्यांचे पैसे कुठे गेले देव जाणे.
आम्हाला शेंडी लावून गेला तो,
आणि आम्ही ताटातल्या शेंड्या मोजत होतो.

पैसे आले की गल्ला टिंग वाजतो.
त्या दिवशी टिंग झालं नव्हतं.
गर्दी होती, मला वाटलं ऐकू आलं नसेल.
मी हसून म्हटलं, मिळाले.
ते ‘मिळाले’ माझं आहे, गोचा.

रात्री फडका मारताना नख कडेला अडकलं.

त्सियाला ओरडली नाही. शेगड्या बंद केल्या,
बुकिंगची वही उघडली, एकेकाला फोन लावला:
चूक आमच्या टेबलावर झाली,
कार्ड आत्ताच बंद करा,
जेवणाचे आम्ही मागणार नाही.
एकाने तिलाच चोर समजून फोन आपटला.
शहाणा आहे, ती म्हणाली, आणि पुढचा नंबर फिरवला.

शाल्वाचा नंबर वहीत नव्हता.
त्याला कशाला बुकिंग, दर गुरुवारी पाच नंबर त्याचाच.
नातवाने पोलंडहून फोन पाठवला होता,
त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने त्यावरून पैसे दिले,
मी टाळ्यासुद्धा वाजवल्या.
दोन गुरुवार आला नाही. मी घरी गेले.
साखळी न काढता फटीतून म्हणाला,
माझंच काहीतरी चुकीचं दाबलं गेलं असेल.
ट्रकच्या कारखान्यात चाळीस वर्षं इंजिनं जुळवलेला माणूस
फटीतून मला आपलं बोट दाखवत होता,
पकडून आणल्यासारखं.

पेन्शनमधले दोनशे दहा लारी गेले होते.
त्सियालाचं पाकीट त्याने घेतलं नाही.
मलखाझ त्याच्याबरोबर बँकेत दोन तास बसला,
निम्मे परत आले.

तर रोज सकाळी, टेबलं मांडण्याआधी,
प्रत्येक चौकोनाच्या कडेवरून नख फिरव.
थोडं वाढव ते. फार नको, आरोग्यखात्याची बाई येते.
टिंग झाल्याशिवाय मिळाले म्हणू नकोस.

शाल्वा आता नाणी देतो.
कार्ड आहे का, असं त्याला विचारायचं नाही.
आणि त्याचं ताट घाईने उचलू नकोस.
आधी तो स्वतः शेंड्या मोजतो,
मग पुन्हा मोजतो.
उभा राहा तोवर.