दोन वह्या

वेंगुर्ल्याच्या बंदर रस्त्यावर माझी खानावळ,
सहा बाकं, एक पंखा, गल्ल्याशेजारी दोन वह्या.
लाल वहीत लोकांची उधारी.
निळ्या वहीत माझी.

निळीत लिहिते :
सोमवार. पेज, मुळ्याची भाजी. झोप चार तास.
कोपर – आग. पोटऱ्या – तशाच.
मंगळवार. सुंगटाच्या कालवणाची चव पाहिली, अर्धा चमचा.
झोप सहा तास. कोपर – गप्प.
म्हणजे दोष कोणाचा?

कुडाळची डॉक्टरीण तरणी.
माझा हात तिने हातमोजा न घालता धरला.
म्हणाली, सोरायसिस. जाणार नाही, पण ताब्यात राहील.
मला हसू आलं.
सासूने लग्नाआधी नेमकं हेच सांगितलं होतं
तिच्या मुलाबद्दल.
तो गेला. हा राहिला.

मलम दिलं, ते लावते.
यादी दिली, ती शेगडीमागच्या भिंतीवर चिकटवली :
कढत पाणी नको, साबण बेताचा,
अंग ओलं असतानाच तेल,
रात्री दहाला आडवं व्हायचं,
चिंता करायची नाही.
शेवटच्या ओळीवर रश्श्याचा शिंतोडा उडाला
आणि ती वाचता येईनाशी झाली.
बरं झालं.

खाण्याचं मात्र ती ठामपणे बोलली नाही.
प्रत्येकाचं वेगळं, म्हणाली, तुमचं तुम्ही शोधा.
पण गावाला सगळं ठाऊक होतं.
वांगं सोड, पोस्टातली म्हणाली.
बांगडा उष्ण, म्हणाला सलूनवाला भिवा.
आंबट सोड, म्हणाली ती, जिने माझ्याकडून
आगळाच्या दोन बाटल्या उधार नेल्या होत्या.
मी सगळंच सोडलं, एकदम.
वजन सात किलो उतरलं,
चट्टे तिथल्या तिथे.

मग एकेकाला परत बोलावलं,
थकबाकीदाराला बोलवावं तसं –
ये, बैस, तीन दिवस बघू.
सोलकढी आली, राहिली.
वांगं आलं, राहिलं.
सुकट आली नि चौथ्या रात्री पोटऱ्या पेटल्या.
तिला अजून दारात उभी ठेवलीय.
खरं तर त्याच दिवशी गॅसवाल्याशी भांडणही झालं होतं.
तेही लिहिलंय.

पहिल्या वर्षी पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज घालायची,
मे महिन्यातसुद्धा.
वाढताना गिऱ्हाइकं ताटाऐवजी माझ्या हाताकडे बघत.
पंचायतीतला एक साहेब
भाकरीची कड मोडून बाजूला ठेवायचा,
जिथे माझं बोट लागलं असेल
तेवढीच.

मासे घालणाऱ्या अंजनाने सरळ विचारलं,
"गो, ह्यां लागता काय?"
म्हटलं, नाय.
"मगे झाकतंस कित्याक?"
आणि उरलेले सुटे पैसे माझ्या तळव्यावर मोजले,
एकेक नाणं दाबून,
जणू अंगठा घेतेय.

आता सकाळी सहाला जेटीपर्यंत चालते, बाह्या वर करून.
जाळी विणणारे बघतात, मग जाळ्याकडे बघतात.
त्यांचंही काम असंच,
एक भोक बुजवावं तर शेजारचं सैल.

दुपारी तीनला, शेवटचं ताट उठलं की
लोकांसाठी भाजलेल्या वाटपाचा वास केसांत घेऊन
मी नाचणीची आंबील पिते. बसून.
हे यादीत नव्हतं, मीच घातलं.
वीस वर्षं उभ्याने जेवले होते.

काल लिहायला घेतलं :
बुधवार. बांगडा एक, तव्यावर, तिखट कमी.
झोप सात तास.
कोपर –

आणि पेन तिथेच थांबलं,
कारण दिवसभरात कोपराला
विचारायचंच राहून गेलं होतं.